सेन्सर मागवण्याआधी

चि. सलील यास,


सेन्सर नवा घालूनही स्नोमोबाइलच्या पडद्यावर तोच कोड परत आला, आणि आता दुकानदार ईसीयूच, म्हणजे इंजिनचा संगणकच, बदला म्हणतोय, हे कळलं. पैसे देऊ नकोस. ईसीयूवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा.

कोड म्हणजे एफआयआर. तक्रार कुठे नोंदली गेली तेवढं त्यातून कळतं, गुन्हेगार नाही. कूलंट तापमानाचा कोड आला, की सेन्सर, त्याच्या दोन वायरी, कनेक्टर आणि ईसीयूची पिन असे सगळेच संशयित ठरतात. दुकानदाराने त्यातला एकच बदलला.

हा सेन्सर थंडीत रोध वाढवतो. 20 अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास दाखवणारा उणे 20 ला पंधरा हजारांपर्यंत जातो. वायर तुटली तर रोध अमर्याद, म्हणजे ईसीयूच्या हिशेबी उणे 40 सारखी भयंकर थंडी. मग तो पेट्रोल जास्त सोडतो आणि प्लग ओले होतात. तुझ्या टिमिन्समध्ये उणे 40 खरंही असू शकतं म्हणा!

आता तपास. चावी चालू, इंजिन बंद. सेन्सरचा कनेक्टर काढ आणि कोडरीडरवर तापमान बघ. बहुतेक गाड्यांत ते उणे 40 च्या जवळ जायला हवं. मग वायरीकडच्या कनेक्टरच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोड. आकडा एकदम प्रचंड गरम दाखवायला हवा. दोन्ही वेळा बरोबर बदलला, तर वायर आणि ईसीयू निर्दोष. मात्र हा प्रयोग दोन वायरींच्या सेन्सरवरच कर. थ्रॉटलच्या सेन्सरला तीन वायरी असतात, त्यातली एक 5 व्होल्टची. तिथे तार अडकवलीस तर नवंच दुखणं ओढवून घेशील.

आकडा हलला नाही, तर वायरिंग धुंडाळ. झाकणाखाली बर्फाचा भुगा शिरतो, इंजिनच्या उबेने वितळतो, रात्री कनेक्टरमध्येच गोठतो. पिनांवर हिरवा गंज दिसतो का बघ. उन्हाळ्यात गाडी शेडमध्ये होती ना? मग उंदरांनाही विसरू नकोस. मीटरची बीप ऐकून खूश होऊ नकोस. एकच तार शाबूत असलेली वायरही बीप देते. अर्थची वायर तपासायची तर स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनच्या बॉडीपर्यंत व्होल्टेज मोज. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर जोड घासून साफ कर.

अर्धा तास पळवल्यावर गाडी बंद पडते आणि थंड झाली की सुरू होते, ही तुझी दुसरी तक्रार मला वेगळी वाटते. तिथे माझा संशय स्टेटरवर आहे. त्याच्या कॉइलची तार गरम झाली की आतल्या आत तुटते आणि गारठली की पुन्हा टेकते. म्हणून दुकानात, थंड इंजिनवर, सगळं ठीकच दिसतं. गाडी बंद पडल्यावर लगेच, गरम असतानाच रोध मोज आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघ. कॉइल आणि बॉडी यांच्यात मीटरने काहीच दाखवता कामा नये. स्पार्क बघायचा असेल तर प्लग बॉडीला टेकवूनच बघ. मोकळा सोडलास तर इग्निशनचं युनिट जळू शकतं. आणि गॅरेजचं दार उघडं ठेव, इंजिनच्या धुराला वास असला तरी त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला नसतो.

थंड आणि गरम, दोन्ही वेळचे आकडे लिहून मला पाठव. तोवर काहीही मागवू नकोस.

तुझा,
मामा