टाकीवरचा कागद आणि ३८८ भोंगे

या शृंखलेत आपण ताम्रपट पाहिले, मोडीतील पत्रे पाहिली, शिलालेखांवरून भांडणेही केली. आजचे साधन जरा निराळे आहे. मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला एक कागद. तो वाचण्यासाठी मला दोन शनिवार जमिनीवर उताणे पडून राहावे लागले.

मिशिगनमध्ये माझ्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. त्यांच्या दिवंगत पतीची १९६८ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट, उघड्या टपाची, त्यांना विकायची होती. गाडीच्या मागच्या पॅनेलवर एक कुलूप होते. डिकीचे म्हणावे, तर या गाडीला बाहेरून उघडणारी डिकीच नाही. ते चोरघंटेचे कुलूप. भोंगा अनेक वर्षे मुका होता आणि बाईंनी मला तो दुरुस्त करून मागितला. एका गिऱ्हाइकाने त्यांना सांगितले होते, की घंटा कारखान्यातूनच बसवून आलेली असेल, तर तो बरीच जास्त रक्कम देईल. पती तर आयुष्यभर तसेच सांगत आले होते.

गिऱ्हाइकाची उत्सुकता समजण्यासाठी दोन आकडे पाहावे लागतात. १९६८ साली सेंट लुईसच्या कारखान्यातून २८,५६६ कॉर्व्हेट बाहेर पडल्या. उघड्या टपाच्या गाडीची मूळ किंमत ४,३२० डॉलर होती; चोरघंटा हवी असल्यास वर २६.३५ डॉलर. ती घेतली केवळ ३८८ जणांनी. पुढच्याच वर्षी हा आकडा १२,४३६ वर गेला, म्हणजे जवळजवळ दर तीन गाड्यांमागे एक. १९७२ पासून तर घंटा वेगळे पैसे न मोजता प्रत्येक गाडीत मिळू लागली. तो काळच मोटारचोरीच्या धास्तीचा होता. १९६९ च्या कॉर्व्हेटमध्ये इंजिन सुरू करण्याची किल्ली डॅशबोर्डवरून स्टिअरिंगच्या दांड्यावर आली आणि किल्ली काढली की स्टिअरिंग अडकू लागले. १ जानेवारी १९७० पासून अमेरिकी सरकारने चोरीविरोधी योजना नव्या मोटारींना बंधनकारकच केली.

घंटेची रचना मात्र मला फार आवडली. कुलूप बाहेर का, याचे उत्तर तिच्या साधेपणात आहे. आजच्यासारखे थोडा वेळ थांबून आपोआप जागे होणारे यंत्र तिच्यात नव्हते. मालकाने उतरावे, दारे लावावीत, गाडीच्या मागे चालत जावे आणि तिथे किल्ली फिरवावी. त्यानंतर दार किंवा बॉनेट उघडले, की तिथला छोटा स्विच विद्युतमार्ग जोडून देई, रिले ओढला जाई आणि भोंगा सुरू होई. चोराने घाबरून दार पुन्हा लावले तरी रिले सुटत नसे. भोंगा गप्प करायला किल्लीच लागे. (चोराने दार न उघडता कापडी टप फाडून आत उडी घेतली तर? तर ती बिचारी काही बोलणार नाही.)

बिघाड शोधायला मला आठवडा लागला आणि कारण निघाले अगदी क्षुल्लक. पत्र्याच्या मोटारीत अंगच विजेला परतीची वाट देते. कॉर्व्हेटचे अंग फायबरग्लासचे, त्यातून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याला, प्रत्येक भोंग्याला अर्थिंगची स्वतंत्र वायर लागते. भोंग्याच्या त्या वायरचे टोक गंजून तुटले होते. ते घासले, नवे टोक बसवले, दाराच्या स्विचमधली धूळ काढली.

पण हे करताना कुलपाच्या भोकाकडे मागून लक्ष गेले. कडा ओबडधोबड होती, तंतू उचकटलेले होते. हाताने ड्रिल चालवल्यासारखे. पन्नास वर्षांत कुणी कुलूप बदलताना भोक मोठे केले असेल, असेही म्हणता येते. नुसत्या भोकावरून निकाल देणे मला बरे वाटले नाही. मी बाईंना सांगितले, की साक्षीदार एकच आहे आणि तो टाकीच्या वरच्या बाजूला आहे. टाकी उतरवल्याशिवाय तो दिसत नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, उतरवा.

त्या काळी कारखान्यात प्रत्येक गाडीच्या मागणीचा छापील तक्ता तिच्या टाकीवर चिकटवत. आमच्या टाकीवरचा तक्ता तपकिरी झाला होता, एक कोपरा गळून गेला होता, पण संकेतांकांच्या चौकटी शाबूत होत्या. एम-२१, चार गिअरची पेटी: गाडीत होती. एन-४०, पॉवर स्टिअरिंग: होते. यू-६९, रेडिओ: होता. चोरघंटेचा संकेतांक यू-ए-६. तो कुठेच नव्हता.

ही गाडी त्या ३८८ मधली नव्हती. मग पती खोटे बोलत होते का? बाईंनी जुन्या पावत्यांची पेटी आणली, तेव्हा कळले, की त्यांनी ती १९७४ साली जुनीच विकत घेतली होती. सहा वर्षांत आधीच्या कुणीतरी, बहुधा पुढच्या एखाद्या सालच्या कॉर्व्हेटचे अस्सल भाग मिळवून, घंटा बसवली असावी. त्यांनी जे पाहिले तेच सांगितले. प्रामाणिक साक्षीदाराची साक्षही चुकते, हे आपण बखरींच्या संदर्भात कितीदा बोललो आहोत. पण समोर त्याची पत्नी बसलेली असताना ते बोलणे निराळेच.

मी कागदाचे छायाचित्र काढले आणि टाकी परत चढवली. भोक बुजवून गाडी कारखान्यातून निघाली तशी करावी का, असे मी विचारले. मला स्वतःला तेच योग्य वाटत होते. बाईंनी नकार दिला. छायाचित्र त्यांनी स्वतः गिऱ्हाइकाला पाठवले; त्याने रक्कम कमी केली, त्यांनी ती मान्य केली.

गाडी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मागे जाऊन किल्ली फिरवली, पुढे आल्या आणि दार उघडले. भोंगा कर्कश ओरडू लागला. समोरच्या घरातला माणूस बाहेर आला. मी किल्लीसाठी हात पुढे केला, पण ती त्यांनी मुठीत धरून ठेवली होती.