डोळे चोळण्याची सवय

आमच्या घरात डोळे चोळायची सवय दोघांना होती. एक माझा दादा आणि दुसरा मी. आमच्या घरामागेच गुऱ्हाळ आहे. चुलवाण पेटले की धूर, चिपाडाचा भुसा, पाचटाची कुसळं, सगळे डोळ्यांत. मग आम्ही मुठी करून डोळे चोळत बसायचो. चोळले की बरे वाटायचे. आजी म्हणायची, "डोळं चोळतुयास का कणीक मळतुयास रं?" आम्ही हसायचो.

दादाला मिलिटरीत जायचे होते. रोज पहाटे तो पन्हाळ्याच्या रस्त्याला पळायचा. भरतीत पळण्यात तो पास झाला, पण डोळ्यांच्या तपासणीत त्याला खालच्या ओळी वाचता येईनात. त्या दिवशी तो जेवला नाही.

वडील आम्हा दोघांना एस.टी.ने कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून विचारले, "डोळे चोळतोस काय रे?" दादाने मान खाली घातली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितले. बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याला कॉर्निया म्हणतात. तो मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. काहींचा पडदा मुळातच नाजूक असतो. तो सारखा जोरात चोळला की पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. या आजाराला केरॅटोकोनस म्हणतात. मग उजेड वाकडातिकडा आत जातो आणि एका दिव्याचे दोन-तीन दिवे दिसतात. हा आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो.

दादा हळूच म्हणाला, "मला रात्री मोटारीचा दिवा फुटल्यागत दिसतोय."

पुढे दादाच्या डोळ्यांत जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील किरण दिले. त्याने पडदा घट्ट होतो व आजाराची वाढ थांबते, पण बिघडलेला आकार पहिल्यासारखा होत नाही. आता दादा कडक लेन्स लावतो. फारच बिघडले तर नेत्रदानातून मिळालेला पडदा बसवावा लागतो.

डॉक्टर बोलत होते तेव्हाही माझा हात डोळ्यावरच होता! त्यांनी मलाही तपासले. म्हणाले, "तुझा पडदा अजून चांगला आहे. तो तसाच ठेव."

मित्रांनो, डोळा खाजला तर गार पाण्याची स्वच्छ घडी मिटल्या डोळ्यावर ठेवा. कुसळ गेले तर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा. तरी खुपत असेल तर डॉक्टरांना दाखवा. दूध, मध घालू नका. आणि चोळू तर मुळीच नका.

दादा आता मिलिटरीचे नाव काढत नाही. पण माझा हात डोळ्याकडे गेला की लांबूनच "ए!" म्हणून ओरडतो. माझा हात तिथल्या तिथे थांबतो.

— इयत्ता ७ वीचा एक विद्यार्थी