जमिनीतले सफरचंद

फ्रेंच भाषेत बटाट्याला 'पोम द तेर' म्हणतात. पोम म्हणजे सफरचंद आणि तेर म्हणजे जमीन. फारसीनेही त्याच धर्तीवर बटाट्याला 'सीब-जमीनी' हे नाव दिले. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघे पॅरिसला नातेवाइकांकडे गेलो, तेव्हा भाजीबाजारात ही पाटी वाचून परक्या गावात ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

आज बटाट्यावाचून फ्रेंच स्वयंपाकाची कल्पना करता येत नाही. परंतु दक्षिण अमेरिकेतून आलेले हे कंद तिथे बराच काळ डुकरांपुढे टाकण्याच्या लायकीचे समजले जात. ते खाल्ल्याने कुष्ठरोग होतो, अशीही समजूत होती. पार्मांतिए नावाचा लष्करी औषधतज्ज्ञ युद्धात प्रशियाच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याला बटाटेच खावे लागले. खाऊन तो ठणठणीत राहिला! सुटून आल्यावर त्याने बटाट्याची वकिली आयुष्यभर केली. 1772 मध्ये पॅरिसच्या वैद्यकतज्ज्ञांनी बटाटा खाण्यास योग्य ठरवला. असे सांगतात, की पार्मांतिएने बटाट्याच्या शेतावर दिवसा शिपायांचा पहारा ठेवला आणि रात्री तो उठवला. इतकी राखण म्हणजे माल मौल्यवान असणार, म्हणून लोकांनी तो चोरून नेला आणि आपापल्या वावरात लावला. पॅरिसच्या पेर-लाशेझ कबरस्तानात त्याच्या कबरीवर आजही लोक फुलांऐवजी बटाटे ठेवतात. खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजलेल्या पदार्थाला त्याचेच नाव आहे. हलाल खाटकाकडून खिमा आणून आमच्या भावजयीने तो घरी केला. चव थेट आपल्या घरची!

सफरचंदाचे माहेर मध्य आशियात, तिएन-शान पर्वताच्या उतारांवर. कझाकिस्तानच्या अल्माटी शहराच्या नावातला 'अल्मा' म्हणजे सफरचंदच. फ्रान्समध्ये नॉर्मंडी हा प्रांत त्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तिकडे जाणाऱ्या वाचकांनी एक लक्षात ठेवावे: 'सिद्र' लिहिलेली बाटली सरबताची नसून दारूची असते. आपल्याला चालेल तो 'झ्यू द पोम', म्हणजे साधा रस. सफरचंदाच्या गोड तार्तमध्येही कधी कधी मद्य घालतात. विचारून घ्यावे, विचारण्यात लाज कसली?

गुलाबासाठी आम्ही प्रोवँ या जुन्या तटबंदीच्या गावी गेलो. क्रूसेडवरून परतताना इथल्या तिबो नावाच्या सरदाराने दमास्कसहून गुलाबाचे रोप आणले, अशी आख्यायिका गावकरी कौतुकाने सांगतात. खरेखोटे अल्लाह जाणे. पण लढायला गेलेला माणूस शत्रूच्या बागेतले फूल घेऊन घरी आला, ही गोष्ट गावाला आठशे वर्षांनंतरही सांगावीशी वाटते, हे आम्हाला महत्त्वाचे वाटले. दुकानांत गुलाबपाकळ्यांचा मुरांबा मिळतो. आपला गुलकंद उन्हात मुरतो, हा चुलीवर शिजतो. अम्मींसाठी एक बरणी घेतली.

परदेशातून आलेल्या या तिघांना फ्रान्सने आपले म्हटले. माणसांचे काय? आमच्या मुक्कामाजवळ सरकारी शाळा होती. पेशाच शिक्षकाचा, त्यामुळे सकाळी पाय तिकडे वळत. फाटकाशी आल्यावर काही मुली डोक्यावरचा रुमाल सोडत, घडी घालून दप्तरात ठेवत आणि आत जात. 2004 च्या कायद्याने सरकारी शाळेत तो बांधायला मनाई आहे. घडी घालणाऱ्या त्या हातांना आता सवय झाली होती. आम्हाला मात्र ते रोज पाहवेना.

पॅरिसची मोठी मशीद 1926 मध्ये उघडली. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी शहीद झालेल्या मुस्लिम सैनिकांच्या सन्मानार्थ ती बांधली गेली. समोर रस्त्यापलीकडे 'झार्दँ दे प्लांत', म्हणजे राजाने औषधी वनस्पतींसाठी वसवलेली जुनी बाग. तिथे दूरदेशीची झाडे नावाची पाटी लावून जपली आहेत. जुम्माच्या नमाजनंतर आम्ही त्या बागेत बसलो. गुलाब भरात होते. मशिदीतून बाहेर पडलेली कुटुंबे मुलांना घेऊन फुलांमधून हिंडत होती, आणि शेजारच्या बाकावरच्या एका वृद्ध फ्रेंच बाईंनी सरकून आमच्यासाठीही जागा केली.

बटाट्याला पानात जागा मिळायला पिढ्या गेल्या. त्या मुलींना इतकी वाट पाहावी लागू नये, एवढीच दुआ.