काटा आणि त्याची सावली

पॅरिस शहरात 1928 साली काढलेले एक छायाचित्र आहे. त्यात ना राजवाडा आहे, ना रणांगण, ना कोणा थोर पुरुषाची मुद्रा. मेजावर एक ताटली आहे. तिच्या काठावर जेवणाचा एक काटा टेकवून ठेवला आहे आणि उजेडामुळे त्याची सावली पडली आहे. ताटलीत पक्वान्न नाही, जवळ जेवणारा नाही. चित्र कृष्णधवल असून त्याचे नावही तितकेच साधे आहे : ‘काटा’. तरीही जगातील नामांकित छायाचित्रांत त्याची गणना होते.

हे ऐकून कोणाच्याही मनात शंका यावी. काटा तो काय आणि त्याचे चित्र ते काय! हेच छायाचित्र एखाद्या शाळकरी मुलाने काढले असते, तर फिल्म फुकट घालवली म्हणून वडीलमंडळी रागे भरली असती. मग मोठ्या माणसाने काढले, एवढ्यासाठीच ही वाहवा चालली आहे काय? ही शंका उद्धटपणाची नव्हे. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण मराठीत उगीच रूढ झालेली नाही.

हे छायाचित्र काढणारे आंद्रे केर्तेस यांचा जन्म 1894 साली हंगेरीतील बुडापेस्ट शहरी झाला. तरुणपणी त्यांनी तेथील शेअर बाजारात कारकुनी केली. पहिल्या महायुद्धात ते सैनिक होते. युद्धभूमीवरही त्यांचा कॅमेरा तोफांच्या धुरापेक्षा सैनिकांच्या साध्या दिनक्रमाकडेच अधिक वळे. 1925 साली ते पॅरिसला आले. तेथील रस्ते, खिडक्या, खुर्च्या, सावल्या हेच त्यांचे विषय झाले. ‘काटा’ त्याच काळातला. जर्मनीतील चांदीचे काटे-चमचे बनविणाऱ्या एका कारखान्याने तर तो जाहिरातीसाठीही वापरला.

पुढे 1936 साली केर्तेस न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांच्या वाट्याला दीर्घकाळ उपेक्षाच आली. मासिकांसाठी घरांची व दिवाणखान्यांची छायाचित्रे काढून ते निर्वाह करीत राहिले. अखेर 1964 साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने केवळ त्यांच्याच छायाचित्रांचे प्रदर्शन भरविले, तेव्हा ते सत्तरीला आले होते. 1985 साली ते वारले, तेव्हा त्यांची कीर्ती सर्वत्र पसरलेली होती. उपेक्षेच्या काळात काट्याची सावली पुसट झाली नव्हती आणि कीर्ती लाभल्यावर ती अधिक गडदही झाली नाही. नावाचा भाव चढला, उतरला. चित्र होते तसेच राहिले. मग नावावरून चित्राची किंमत कशी ठरावी? सोनार दागिन्याचा कस लावताना तो कोणत्या घराण्यातून आला हे विचारीत नाही. तो दागिना कसोटीच्या दगडावर घासून पाहतो.

तशीच कसोटी येथेही लावता येते. क्षणभर केर्तेस हे नाव झाकून ठेवावे आणि चित्राकडे पाहावे. ताटलीचा काठ गोल, काट्याचा दांडा लांब व सरळ. गोल आणि सरळ या दोन रेघांची भेट हेच या चित्राचे कथानक. आता मनातल्या मनात सावली पुसून टाकावी. उरतो तो दुकानातला एक काटा. सावली परत आणताच एकाचे दोन होतात : एक धातूचा, जड आणि चकचकीत, दुसरा नुसत्या अंधाराचा, वजन नसलेला. मग कल्पनेने तेथे भाकरीचा तुकडा ठेवून पाहावा किंवा रंगीत फुलदाणी. लगेच नजर तिकडे धावते आणि ती मुकी जोडी हरवते. ज्यातून काही काढता येत नाही आणि ज्यात काही घालता येत नाही, ते चित्र योगायोगाने साधलेले नसते. ते कोणीतरी विचारपूर्वक पाहिलेले असते.

एवढ्यापुरती या छायाचित्राची स्तुती रास्त आहे. त्यापलीकडे ती ताणू नये. त्यात माणसाचे सुखदुःख नाही. एखाद्या आईच्या चेहऱ्याचे छायाचित्र जसे काळजाला भिडते, तसे हे भिडत नाही. शिवाय ‘काटा’ चांगला ठरला, म्हणून प्रत्येक साधे चित्र थोर ठरत नाही. खुद्द केर्तेस यांचे दुसरे छायाचित्र समोर आले, तर त्याचाही कस नव्याने लावावा लागेल.

आणि सारे नीट पाहूनही एखाद्या मुलाला हा काटा आवडला नाही तर? त्याने तसे खुशाल सांगावे. मात्र का आवडला नाही, तेही सांगावे. नाव ऐकताच मान डोलावणारा आणि नाव ऐकताच नाक मुरडणारा, या दोघांनीही चित्र पाहिलेलेच नसते. कारण देऊन ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाने ते पाहिलेले असते.