धुऱ्यावरची भावकी

पांढरकवडा सोडून पाटणबोरीकडे निघालं की फाल्गुनाच्या तोंडावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे दिसतं, त्याला देखणं म्हणायला जीभ धजत नाही. कापसाचे वेचे आटोपलेले असतात. पऱ्हाट्या जागच्या जागी वाळून उभ्या. पानं झडलेली, बोंडांची टरफलं उघडी ती उघडीच. वेचणाऱ्या हातांतून निसटलेला एखादा पुंजका काडीला लोंबत असतो, धुळीनं मळलेला. काळ्या मातीला भेगा पडू लागलेल्या. हैदराबादेकडे जाणारे ट्रक उडवतात ती धूळ लवकर खाली बसत नाही, आणि अकरानंतर शेतात माणूस शोधून सापडत नाही. या महिन्यात हा मुलूख थकलेला असतो. दिवाळीपासून तो वेचला गेला, जिनिंगच्या आवारात ढिगानं पडला, गाठी बांधून बाहेरगावी गेला. मागे उरतात या काड्या.

नेमक्या याच दिवसांत शेतांच्या पलीकडे, टिपेश्वरच्या रानाच्या कडेनं, सावरी फुलतात. झाडावर औषधालाही पान नाही, आडव्या पसरलेल्या फांद्या आणि त्यांवर तळहाताएवढी लाल, मांसल फुलं. मैना, भोरड्या, कोतवाल, शिंजीर, खारी यांची तिथं उजाडल्यापासून झुंबड. फूल गळतं ते पाकळी-पाकळीनं नाही, सबंध गळतं, आणि त्याचा धप्प आवाज होतो. खाली पडलेली फुलं चितळं खातात. गावाच्या अंगाला असतील तर बकऱ्या खातात.

इकडे वाळलेली पऱ्हाटी, तिकडे फुललेली सावर. एकीचा हंगाम सरला तेव्हा दुसरीचा सुरू झाला. या दोघी एकाच कुळातल्या आहेत, आणि त्यांची भावकी इथं पसरली आहे ती बघायला लागलं की धुळीतला हा कंटाळवाणा रस्ता कंटाळवाणा राहत नाही. धुऱ्यावरची अंबाडी, परसातली भेंडी, अंगणातली जास्वंद, उकिरड्यालगतची पेटारी, पायवाटेवरचा चिकणा, रानातली धामण, मुरुडशेंग, कढई. वनस्पतिशास्त्रात हे मालवेसी कुळ. जगभरात त्याच्या चार हजारांवर जाती आहेत. रस्त्याकडेच्या ढाब्यावर टांगलेली चॉकलेटं ज्या कोकोपासून होतात तो याच कुळातला. कोला नावाच्या पेयाला ज्या आफ्रिकी बीवरून नाव पडलं तेही यातलंच. पण तेवढ्या लांब जायचं कारण नाही. पांढरकवड्याच्या आसपास जे आहे तेच पुष्कळ आहे.

ओळखीच्या खुणा तशा सोप्या. जास्वंदीच्या फुलातून बाहेर डोकावणारी ती नळी आठवा: असंख्य पुंकेसर देठांना देठ जुळून एकत्र आलेले आणि त्यांच्या मधून वर निघालेला स्त्रीकेसर. भेंडीचं फूल उकलून पाहिलं तर तीच रचना, आणि ते पऱ्हाटीच्या फुलाशेजारी धरलं तर शहरातला माणूस हमखास फसेल. पण इथल्या माणसाला फूल उकलावं लागत नाही. तो पान चुरगाळतो, बोटांना बुळबुळ लागते. तो सालीला नख लावतो, आणि साल तुटत नाही, पट्टीनं सोलत जाते. बुळबुळ आणि वाख, या दोन गोष्टींवर या कुळाशी माणसाचा सारा व्यवहार चालत आला आहे. भेंडीची बुळबुळ घालवायला सुगरण चिंचेचं नाहीतर आमसुलाचं आंबट घालते. तिकडे कोल्हापूरच्या गुऱ्हाळात हीच बुळबुळ मुद्दाम मागून घेतात, रानभेंडीची झाडं ठेचून तो चिकट रस उकळत्या काहिलीत सोडतात, म्हणजे उसाच्या रसातली मळी वर येते.

शास्त्रज्ञांना मात्र ही भावकी मान्य करायला वेळ लागला. दीर्घकाळ त्यांनी चार वेगळी कुळं मानली होती. पऱ्हाटी, भेंडी, अंबाडी एकात, सावर दुसऱ्यात, कढई आणि मुरुडशेंग तिसऱ्यात, धामण चौथ्यात. विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनए तपासून वर्गीकरण नव्यानं मांडलं गेलं तेव्हा या चार घरांच्या मधल्या भिंती पडल्या. पऱ्हाटीवर जो लाल ढेकण्या असतो, लाल अंगावर काळे ठिपके मिरवत, बहुधा जोडीजोडीनं फिरणारा, त्याला या भिंती कधीच ठाऊक नव्हत्या. तो पऱ्हाटीवर असतो, भेंडीवर असतो, पेटारीवर असतो, आणि उन्हाळ्यात सावरीखाली सांडलेल्या बियांवरही त्याचे थवे जमतात. त्याला सगळ्यांचा रस सारखाच गोड.

पऱ्हाटीचं फूल निवांत बघितलेला माणूस कापसाच्या मुलखातही विरळा. फवारणीच्या दिवसांत फुलाकडे बघायचं ते आत अळी आहे का एवढ्यासाठी. उमलतं त्या दिवशी ते दुधी असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, मग जांभळट होऊन मिटतं आणि गळतं. त्यामुळे भर हंगामात एकाच झाडावर दोन-तीन रंगांची फुलं दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, बियाणं मिसळलं की काय. फूल उमलतं त्याच सुमारास आतल्या कोवळ्या बियांच्या कातडीवरून तंतू निघायला सुरुवात होते. कापसाचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी. ती बोंडाच्या अंधारात तीनेक आठवडे लांबत राहते, अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत. पुढं बोंड फुटतं, वारा लागतो, पेशी सुकून चपटी होते आणि स्वतःभोवती पीळ घेते. सूत निघतं ते या पिळामुळं. तंतूला तंतू धरून राहतो.

सावरीचा कापूस कातता येत नाही, त्याचं कारणही इथंच. तो बियांवर उगवतच नाही; फळाच्या आतल्या भिंतीवर उगवतो. तंतू पोकळ, गुळगुळीत, पीळ नसलेला. चैत्र-वैशाखात बोंडं तडकली की तो वाऱ्यावर निघतो, अंगणात येतो, विहिरीत पडतो आणि बुडत नाही. लोकांनी त्याच्या उशा केल्या. सूत निघत नाही म्हणून सावरीवर कुणी कर बसवला नाही, तिच्यासाठी रूळ टाकले नाहीत. मला हे तिचं भाग्य वाटतं.

रूळ पडले ते पऱ्हाटीसाठी. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला अचानक सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे आली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी टाकलेल्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. मूर्तिजापूरहून यवतमाळला यायची ती अरुंद रुळांची ‘शकुंतला’ पुढची, तीही कापसासाठीच. तेव्हा शेतात देशी वाण होता, पिवळ्या फुलाचा, आखूड धाग्याचा, काटक. मेक्सिकोकडच्या लांब धाग्याच्या जातीनं तो जवळजवळ हुसकून लावला. म्हणजे आज ज्याला आपण विदर्भाचं पीक म्हणतो तो बाहेरून आलेला भाऊबंद आहे. घरातला थोरला केव्हाच बेदखल झाला.

धुऱ्यावरच्या अंबाडीची गोष्ट वेगळी आहे. ती कधी मुख्य पीक नव्हती. पऱ्हाटीच्या कडेनं, चार-दोन तासं, कुठं नुसत्या मुठीनं फेकलेली. कोवळी असताना तिचा पाला खुडायचा, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवायचा आणि वर लसणाची सढळ फोडणी. पैनगंगा ओलांडून आदिलाबादच्या बाजूला गेलं की तीच गोंगुरा होते आणि तिखट-आंबट होऊन बरणीत जाते; हा पट्टा चवीनं निम्मा तेलंगणातलाच आहे. पावसाळा सरताना अंबाडी पुरुषभर वाढते, फिकट पिवळी, गडद डोळ्याची फुलं धरते. मग कापायची, पेंढ्या बांधायच्या, नाल्याच्या डोहात दगड ठेवून कुजत घालायच्या. पंधरवड्यानं साल सुटते. तो वास ज्यानं घेतला आहे तो अंबाडीविषयी गहिवरून बोलणार नाही. काड्यांची लव अंगाला खाजते, पाणी काळं पडतं, हातांचा वास दोन दिवस जात नाही. एवढं करून वाख निघायचा, आणि उन्हाळ्यात पारावर बसून म्हातारी माणसं त्याचा दोर वळायची: कासरा, दावं, वेसण, विहिरीचं चऱ्हाट. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवा दोर लागायचाच.

आता बाजारात निळा नायलॉनचा दोर मिळतो. तो कुजत नाही, स्वस्त पडतो. बैलच कमी झाले, तर वेसणी कुणाला हव्यात? "आता दोर कोन वळते जी," असं एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं ते कुरकुरीच्या सुरात नव्हे, सुटल्याच्या सुरात. वाख काढण्याचे कष्ट ज्यांनी उपसले नाहीत त्यांनीच नायलॉनला नाकं मुरडावीत.

पण अंबाडी धुऱ्यावरून निघाली त्याला दुसरंही कारण आहे, आणि ते भावकीचंच आहे. २००२ मध्ये बीटी कापूस आला, बोंडअळीची चिंता मिटली असं वाटलं, आणि विदर्भात जिकडेतिकडे तोच तो कापूस झाला. गुलाबी बोंडअळीनं हळूहळू बीटीचं विष पचवलं. २०१७ च्या हंगामात ती अशी उलटली की फुलं उमलायच्या ऐवजी डोमकळ्या झाल्या, बोंडं आतून पोखरली आणि हाती आली ती कवडी. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. तेव्हापासून कृषी खात्याच्या सल्ल्यांत एक ओळ पक्की झाली आहे: फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेवर उपटा, आणि धुऱ्यावरच्या अंबाडी, रानभेंडी, पेटारी या पर्यायी खाद्य वनस्पती काढून टाका. सल्ला चूक नाही. अळी खरोखरच नात्यागोत्यात मुक्कामाला जाते. पण एका भावानं बाजारात जाऊन कर्ज करावं आणि वसुली सगळ्या भावकीच्या दारात यावी, तसं हे झालं आहे. ज्या पेटारीची चाकासारखी फळं उमटवून पोरं हातांवर शिक्के मारत, जिची पिवळी फुलं दुपार कलल्यावर उमलतात, तिला आता तणनाशक.

रान अजून या हिशेबाच्या बाहेर आहे. टिपेश्वरच्या बाजूच्या टेकड्यांवर कढई उभी असते; कुणी तिला पांढरुख म्हणतात. उन्हाळ्यात तीही निष्पर्ण, आणि खोड इतकं गोरं की कातरवेळी पहिल्यांदा बघणारा दचकतो. तिच्या फळांवर आग करणारी कुसळं असतात. ती भाजून आतल्या बिया खातात. तिचा डिंक लाडवात घालायचा नव्हे. तो पाण्यात विरघळत नाही, फुगतो. औषधांत आणि कवळ्या चिकटवायच्या भुकटीत जातो. डिंकासाठी खोडावर अघोरी घाव घातले की झाड मरतं, आणि अशी मेलेली झाडं कमी नाहीत.

तिच्या पायथ्याशी मुरुडशेंगेची झुडपं. फूल विटकरी लाल उमलतं आणि शिळं होताना निळसर-राखी पडतं. शिंजीर मात्र ताजी लाल फुलंच बरोबर हेरतात. पिळदार शेंगा काष्ठौषधीच्या दुकानात जातात आणि तिथून घरोघरच्या सहाणेवर. पोट मुरडणाऱ्या तान्ह्याला बाळगुटीत तिचे दोन वळसे उगाळून देतात. धामणीचं लाकूड लवचीक, म्हणून कुऱ्हाडीचा दांडा धामणीचा. रानातल्या या मंडळींची चौकशी ज्याला गरज असते तोच करतो. त्यांना हमीभाव नाही, तशी त्यांच्यावर फवारणीही नाही.

गावात परतलं की प्रत्येक घराच्या कुडाला पऱ्हाट्यांची गंजी लागलेली दिसते. सल्ला सांगतो, गंजी घालू नका, तिच्यातल्या बोंडांत अळी दडते. पण गॅसचं सिलिंडर महाग, आणि पऱ्हाटी चुलीत भुरूभुरू चांगली जळते. वर्षाचं सरपण आहे ते. एका गंजीला टेकून बसलेल्या आजीबाई सुपात अंबाडीचं बी पाखडत होत्या, जूनमध्ये टाकायला. कृषी सहायक नको म्हणतो ना, असं विचारलं तर त्यांनी सूप थांबवलंही नाही. "म्हन्ते बाप्पा. म्हनू दे. त्याच्या घरी पन भाजी लागतेच ना?"