दांड्यातला वारा : जॉयस्टिकच्या ‘भारा’चा इतिहास

१/ टेबलावरच्या जॉयस्टिकचा दांडा ओढला की तो विरोध करतो, सोडला की मध्यावर परततो. हा विरोध वाऱ्याचा नसून आतल्या स्प्रिंगचा असतो. पण वैमानिकाच्या हाताला काय जाणवावे, हा प्रश्न खेळण्यांपुरता कधीच नव्हता. त्याच्या उत्तरांवर माणसांचे प्राण अवलंबून होते. त्या इतिहासाचा हा धागा.

२/ सुरुवातीच्या विमानांत दांडा तारांनी थेट शेपटीच्या आणि पंखांच्या हलत्या पट्ट्यांना जोडलेला असे. पट्टीवर हवेचा दाब वाढला की हाताला भार वाढे. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो. त्यामुळे दांडा जड लागला की वेग वाढल्याचे कळे आणि तो सैल, निर्जीव झाला की विमान आधार गमावण्याच्या बेतात असल्याचे कळे. हवा हाताशी बोलत असे.

३/ हे शिक्षण जमिनीवर देणारे पहिले यशस्वी यंत्र वाद्यांच्या कारखान्यातून आले. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा पियानो व ऑर्गनचा कारखाना होता. तिथले भाते, झडपा आणि हवा शोषणारा पंप घेऊन लिंक यांनी १९२९ मध्ये ‘लिंक ट्रेनर’ उभा केला. दांडा हलवला की झडप उघडे, भात्यातली हवा शोषली जाई आणि छोटे लाकडी विमान त्या बाजूला कलंडे. पेटीचा भाता पाहिलेल्याला हे परके वाटू नये.

४/ आरंभी या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले ते मनोरंजन उद्यानांत. मग फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेत हवाई टपालाचे काम लष्करी वैमानिकांवर सोपवण्यात आले. हिवाळा, रात्र, धुके. आणि केवळ उपकरणे पाहून उडण्याचा सराव तोकडा. काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी लष्कराने प्रत्येकी ३,५०० डॉलरना ६ लिंक ट्रेनर घेतले. बंद झाकणाखाली त्यांत एकच धडा गिरवला जाई : ढगात शरीराची साक्ष खोटी, काट्यांची खरी.

५/ जेट युगात दुसरीच अडचण उभी राहिली. वेग इतका वाढला की पट्ट्या हलवायला हाताचे बळ पुरेना, म्हणून हायड्रॉलिक यंत्रणा आली. तिने ओझे उचलले, पण त्याबरोबर हवेचा आवाजही बंद केला. हलक्या हिसक्यानेही विमानावर मोडण्याइतका ताण येऊ शकत होता. म्हणून एफ-८६ई सेबरसारख्या विमानांत स्प्रिंग आणि वजने बसवून भार मुद्दाम निर्माण करावा लागला. आपल्या टेबलावरच्या स्प्रिंगचे कूळ हेच.

६/ एफ-१६ने १९७४ मध्ये टोक गाठले. उजव्या हाताशी असलेला तिचा दांडा मुळात हलतच नसे. तो फक्त हाताचा जोर मोजून संगणकाला कळवी. पण किती जोर पुरेसा झाला, हे वैमानिकांना उमगेना. अखेर त्या दांड्याला किंचित हालचाल देण्यात आली. संगणकाला तिची गरज नव्हती, माणसाला होती.

७/ १ जून २००९. रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ए-३३० विमानाच्या वेगमापक नळ्या बर्फाने काही काळ चोंदल्या. ऑटोपायलट सुटला. गोंधळात एका वैमानिकाने दांडा बराच वेळ मागे ओढला, विमानाने आधार गमावला आणि २२८ जण दगावले. कारणे अनेक होती. पण त्या विमानातले दोन दांडे एकमेकांना जोडलेले नव्हते. एकाची ओढ दुसऱ्याच्या हाताला जाणवत नव्हती. पुढे गल्फस्ट्रीम जी-५०० मध्ये दोन्ही दांडे मोटारींच्या साहाय्याने एकत्र हलतील अशी रचना झाली.

८/ आता घरातला दांडा. स्वस्त रचनेत सगळ्या दिशांना मिळून एकच स्प्रिंग असते. मध्य ओलांडताना ती अडखळते आणि नेमकी बारीक हालचाल तिथेच बिघडते. चांगल्या रचनेत प्रत्येक अक्षाला स्वतंत्र स्प्रिंग आणि कॅम असतो. घासून झिजणाऱ्या पोटेन्शिओमीटरऐवजी चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर असतात. शिवाय जमिनीतून वर आलेला खरा दांडा लांब असतो. तेवढ्याच कोनासाठी हात जास्त फिरतो, म्हणून नेम अधिक अचूक साधतो. हौशी मंडळी जॉयस्टिकला नळी जोडून उंची वाढवतात, ती यासाठीच.

९/ तरी एक उणीव उरते. खऱ्या विमानात ‘ट्रिम’ केले की दांडा जिथे धरला आहे तिथेच भार नाहीसा होतो. हात सोडला तरी तो तिथेच राहतो. स्प्रिंगला एकच मध्य ठाऊक. म्हणून घरी ट्रिम करताना दांडा हळूहळू मध्यावर सोडत न्यावा लागतो. १९९७ च्या मायक्रोसॉफ्ट साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रोसारख्या जॉयस्टिकमध्ये भार मोटारींतून येऊ लागला, आणि मोटार हा मध्यही सरकवू शकते. सिम्युलेटरवरून पुढे खऱ्या विमानात जाणाऱ्याने ही एक सवय आधी मोडावी : तिथे दांडा मध्यावर परत न्यायचा नसतो.