शून्यावर आलेले वय

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक रंगीत पत्रक घेऊन माझ्या दवाखान्यात आले. पत्नीला स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षे झाली. तिचे न्हाऊ-खाऊ घालणे तेच करतात. ‘पेशींचे वय शून्यावर आणणारी इंजेक्शने’ असे पत्रकावर छापले होते. मुदत ठेव मोडू का, एवढेच त्यांनी विचारले.

वाचकहो, असे पत्रक उद्या तुमच्याही हाती पडेल, म्हणून त्यांना सांगितले ते येथे लिहितो. वय शून्यावर येणे ही निव्वळ थाप नव्हे. प्रत्येक गर्भात ते घडते. आपल्या एकेका पेशीत सुमारे 2 मीटर डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, ट्रंकेतल्या लुगड्यासारखा घड्या घालून. सैल घडीतली जनुके वाचली जातात, घट्ट घडीतली मुकी राहतात. शुक्रपेशीत तर वेगळी प्रथिने ही घडी अधिकच आवळतात. फलनानंतर काही तासांतच स्त्रीबीज ती उकलते, नवे हिस्टोन बसवते. पुढच्या काही दिवसांत डीएनएवरील बहुतेक जुन्या रासायनिक खुणा पुसल्या जातात. मोजक्या जनुकांवरच्या तेवढ्या जपल्या जातात. त्या बिघडल्या तर बाळाची वाढ बिघडते. मग नव्या खुणा उमटतात आणि कुठली पेशी मेंदूची, कुठली त्वचेची हे ठरत जाते.

स्त्रीबीजाचे हे सामर्थ्य वापरूनच 1996 साली स्कॉटलंडमध्ये सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतील पेशीपासून डॉली जन्मली. 277 बीजांपैकी ती एकटी. माझ्या विद्यार्थिदशेत हे कोणी खरे मानले नसते! 2006 साली जपानमध्ये यामानाका यांनी केवळ चार जनुकांच्या साहाय्याने उंदराच्या साध्या पेशी गर्भपेशींसारख्या करून दाखवल्या; 2012 साली त्यांना नोबेल मिळाले. पुढे हीच जनुके जिवंत उंदरांच्या शरीरात चालवली, तेव्हा त्यांना गाठी झाल्या. खुणा पूर्ण पुसल्या की पेशी स्वतःचे काम विसरते.

“म्हणजे हिच्या मेंदूतल्या पेशीही?” सरांनी विचारले.

“होय. स्मृतिभ्रंशावर असा कोणताही मान्यताप्राप्त उपचार आज नाही. ठेव मोडायचीच असेल, तर दिवसा चार तास मदतनीस बाई ठेवा, सर.” त्यांचा स्वतःचा रक्तदाब 170/100 निघाला होता.

ते बराच वेळ बोलले नाहीत. पत्रकाची मागची बाजू कोरी होती. गोळ्यांच्या वेळा त्यांनी तिच्यावरच लिहून घेतल्या.